मागची उंची

माझ्या मुलीच्या डाव्या हाताला वारा लागायचा, तेव्हा ती वाऱ्यात नसायची. हे मी पहिल्यांदा माझ्या मेहुण्याला सांगितलं, तेव्हा मी भरदुपारी पिऊन आलोय की काय, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याचा दोष नाही. सुरुवातीला माझाही विश्वास बसला नव्हता.

मी वर्कशॉपमध्ये होतो. टेबलावर माझ्या मुलीची, ईश्वरीची गाडी होती, रिमोटवर चालणारी, दोन हात लांब. उकडत होतं म्हणून मी पंखा लावला. मधल्या भिंतीपलीकडं स्वयंपाकघरात ईश्वरी आईला मेथी निवडू लागत होती. तिथून ओरडली, "पप्पा, पंखा बंद करा की! कोपर गारठालंय माझं."

स्वयंपाकघरात पंखा नव्हता. मी आत जाऊन पाहिलं, तर तिच्या दंडापर्यंत काटा आलेला आणि वैशाली, म्हणजे माझी बायको, तिच्या हाताकडं बघत बसलेली.

"हे काय बरं न्हाई हं," वैशाली एवढंच म्हणाली आणि मेथीची जुडी उचलून ओट्याकडं गेली.

ईश्वरीच्या डाव्या हातावर तेव्हा एक काळी बाही होती. कोपरापासून बोटांपर्यंत, हातमोज्यासारखी. गाडीच्या बॉडीवर एक पातळ कातडं चिकटवलेलं असतं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, आम्ही कातडंच म्हणायचो. त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारे हजारो केस असतात. हवा कुठं दाबते, कुठं ओढते, कुठं गरगरते, हे त्या केसांना कळतं आणि ते रेडिओवरून बाहीत येतं. बाही तेच हाताच्या कातडीवर उमटवते. गाडीचं नाक कोपराशी, शेपूट बोटांशी. बोटांना बारीकसारीक लवकर कळतं, आणि वेगातल्या गाडीला हवा दगा देते ती मागूनच.

पहिले काही दिवस नुसत्या गुदगुल्या होतात. दिवसाचे दहा तास बाही घातली, की पाचव्या-सहाव्या आठवड्यात मेंदू हिशेब करणं सोडून देतो. त्याला वाटू लागतं, गाडीची बॉडी ही आपलीच कातडी आहे. हे का पाहिजे? ताशी चारशे किलोमीटरला गाडी एका सेकंदात एकशे अकरा मीटर जाते. डोळ्यांनी पाहून बोट हलवेपर्यंत वीस-बावीस मीटर गेलेले असतात. पण तव्याला बोट लागलं तर डोक्याला कळायच्या आत हात मागं येतो. तेवढाच वेळ हातात असतो. संगणकाला हे सगळं सहज जमलं असतं, पण या विक्रमाचा नियमच तो आहे: गाडीनं स्वतः विचार करायचा नाही, चालवणारं माणूस पाहिजे.

चारशेचा आकडा तोवर कुणीच गाठला नव्हता. ईश्वरीला तो गाठायचा होता.

आता सेल्वमचं सांगतो, म्हणजे मला भीती कशाची होती ते कळेल. सेल्वम कोइमतूरचा. त्याची गाडी तीनशे साठला हवेत उडाली आणि तिचे तुकडे झाले. बाहीतून विजेचा झटका वगैरे काही बसला नाही, तेवढी सोय केलेली असते. पण मेंदूनं पाहिलं, की आपली कातडी फाटून गेली. मग मेंदूनं त्या हाताचं नावच खोडून टाकलं. आम्ही त्याला पुण्यात एका प्रदर्शनात भेटलो. हात धडधाकट, सगळे रिपोर्ट साफ. बोलता बोलता त्यानं उजव्या हातानं डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवला, डबा ठेवावा तसा. "ये हाथ," असं म्हणायचा. "मेरा हाथ" एकदाही म्हणाला नाही.

परतताना गाडीत मी ईश्वरीला म्हणालो, "बास झालं की आता."

"त्याची बॉडी वाईट होती, पप्पा. मागून हवा भरली तिच्यात. माझी तुम्ही करणार."

आमच्या कोल्हापुरात पोरी 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, आणि बोलतात तशा करतातही. चोवीस वर्षांची पोर. तिला अडवणं मला जमलं नाही. खरं सांगायचं तर, "माझी तुम्ही करणार" या तीन शब्दांनी मी विरघळलो.

मी पॅटर्नमेकर. फौंड्रीत धातू ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो करणारा. पस्तीस वर्षं हेच केलं. उत्तम मेस्त्रीचं माप म्हटलं की फौंड्रीवाले पुन्हा मोजत नसत, आणि हे मी स्वतःच सांगतोय यावरून माझा स्वभाव तुमच्या लक्षात आला असेल. आमच्या धंद्यातली एक गंमत असते. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो. दरवेळी गणित नको म्हणून आमच्या पट्ट्याच वाढीव असतात. ॲल्युमिनियमसाठीच्या पट्टीवरचे शंभर मिलिमीटर म्हणजे खरे एकशे एक पूर्णांक तीन. अशी पट्टी नवख्याच्या हातात दिली, तर तो घराचं दार चौकटीत बसणार नाही असं करून ठेवेल.

गाडीची बॉडी मात्र कार्बन फायबरची, लाकडी साच्यावरून उठवायची, आणि कार्बन फायबर आकसत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून काम सुरू करायच्या दिवशी मी नवी साधी स्टीलची पट्टी आणली आणि माझ्या सगळ्या वाढीव पट्ट्या पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली. वैशालीला दाखवून टाकली.

मशीनवर साचा का कापला नाही? कापता आला असता. पण कटरच्या बारीक रेघा राहतात, डोळ्याला न दिसणाऱ्या, आणि त्या कातड्याला खुपतात. हातानं घासलेल्या सागवानावर त्या राहत नाहीत. सात आठवडे मी ते लाकूड घासलं. नाक माशासारखं निमुळतं, पाठ एका दमात वर चढत शेपटीला एकशे चौपन्न मिलिमीटर उंच. पोट सपाट. डोळे मिटून हात फिरवला तर कुठं थांबावंसं वाटायचं नाही.

फरहान मुजावर हा ईश्वरीच्या टीमचा इंजिनिअर. हुशार, नम्र, आणि मला उगाचच न आवडणारा. तो स्कॅनर घेऊन आला.

"मेस्त्री काका, दहा मिनिटांचं काम हाय. ड्रॉइंगशी जुळवून बघू."

"माझं काम तपासायला आलास व्हय?"

"तसं न्हाई ओ काका..."

"मग कसं?"

ईश्वरी मध्ये पडली. "राहू दे रे फरहान. पप्पांनी केलंय." तपासणीच्या कागदावर 'मापे बरोबर' या ओळीसमोर तिनं सही केली. मी छाती फुगवून चहा मागवला. त्या चहाची चव आठवली की आजही मला स्वतःचीच किळस येते.

विक्रमाचा दिवस उजाडला. पठारावर एक धावपट्टी आहे, विमानांसाठी बांधलेली आणि विमान कधीच न उतरलेली. चहूबाजूंनी पवनचक्क्या. सकाळी सातला त्यांची पाती उभीच्या उभी होती, म्हणजे वारा नाही. वेळ नोंदवायला बेंगळुरूहून दोन परीक्षक आले होते. धावपट्टी नऊपर्यंतच आमची होती. वैशाली आली नव्हती. "मी बघू शकत न्हाई, तुम्ही हाय तिथं, तेवढं पुरं," म्हणाली होती.

पहिली फेरी दोनशेची, नुसती अंदाज घ्यायला. नवी बॉडी नव्या कातड्यासह पहिल्यांदाच पळत होती. ईश्वरी खुर्चीत बसली, डाव्या हाताला बाही आणि त्याच हातात रिमोटचा ट्रिगर. गाडी शिट्टीसारखा आवाज करत गेली आणि आली. एकशे अठ्ठ्याण्णव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ईश्वरी मात्र हाताकडं बघत होती.

"काय झालं?" फरहाननं विचारलं.

"तळव्याखाली कोंडल्यागत व्हायलंय. हवा आत येते, बाहेर जाईना."

फरहाननं स्क्रीनवर पाहिलं. "दाब थोडा जास्त हाय, पण मर्यादेत हाय. दोनशेला एवढं चालतंय."

"आठ आठवडे संगणकावर हीच बॉडी चालवलीय मी. तिथं असं न्हवतं होत." ती क्षणभर थांबली, मग हसली. "जाऊ दे. बॉडी पप्पांनी केलीय. माझाच हात भित्रा झालाय, सेल्वमला बघितल्यापासनं."

मी तिच्या मागे उभा होतो. मागून कोंडतंय, म्हणजे शेपटीखालची फट कमी आहे. फट कमी कशानं होईल? बॉडी चॅसीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, चार खांबांवर छतानं टांगलेली असते. खांब ठरलेल्या उंचीचे. बॉडी उंचीला जास्त झाली, तर तिची खालची कड तेवढी खाली येणार. पण उंची जास्त कशी होईल? लांबी-रुंदी मी नव्या पट्टीनं मोजली. उंचीच्या रेघा मारल्या त्या...

उंचीच्या रेघा मी माझ्या हाइट गेजनं मारल्या होत्या. टेबलावर उभं ठेवायचं ते गेज मी स्वतः बनवलेलं, आणि पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्या दांड्यावर ॲल्युमिनियमसाठीची वाढीव पट्टी रिव्हेट मारून बसवलेली. ती पेटीत गेली नव्हती, कारण ती मला पट्टी वाटतच नव्हती. ते माझं गेज होतं.

शेपटीला एकशे चौपन्नाचे एकशे छप्पन्न. दोन मिलिमीटर. नाकाजवळ बॉडी ठेंगणी, तिथं अर्ध्याच्या थोडं वर. ड्रॉइंगमध्ये जमिनीपासून नाक सहा मिलिमीटर, शेपूट सात. हवेला आत यायची वाट लहान, बाहेर जायची मोठी, म्हणून गाडी जमिनीला चिकटून राहणार. माझ्या हातून झालं ते नाक पाच पूर्णांक चार, शेपूट पाच. वाट उलटी. आत शिरलेली हवा कोंडून गाडीला खालून उचलणार, आणि वेग दुप्पट झाला की हे उचलणं चौपट होतं. दोनशेला सव्वादोन किलो उचललं, तर चारशेला नऊ. गाडीचं वजन आठ किलो सातशे.

घड्याळात सात एकतीस झाले होते.

आता इथं कुणीही सांगेल, की तोंड उघडायचं आणि बोलायचं. मलाही ते कळत होतं. "ईश्वरी, थांब, माझं माप चुकलं." चार-पाच शब्द. पण समोर फरहान, दोन परीक्षक, टीमची सात-आठ पोरं. ज्या माणसाला मी दारातून वाटेला लावलं, त्याच्यासमोर सांगायचं, की दहा मिनिटांचं तुझं काम तू केलं असतंस तर बरं झालं असतं. मग मी ते केलं, जे भित्री माणसं करतात. दुसऱ्याच कारणानं काम होतंय का, ते पाहिलं.

"वारा सुटल्यागत वाटतंय," मी म्हणालो.

फरहाननं वाऱ्याचा मीटर वर धरला. शून्य.

"नारळ फोडला न्हाई अजून."

फोडला. मी मुद्दाम दगड शोधत पाच मिनिटं लावली. खोबरं सगळ्यांना वाटलं. ईश्वरीनं तुकडा तोंडात टाकला आणि माझ्याकडं वळून, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पप्पा, मागची उंची बरोबर हाय न्हवं?"

तिचा हात तिला खरं सांगत होता. त्या हातापेक्षा तिचा माझ्यावर जास्त विश्वास होता, म्हणून ती मला विचारत होती. एवढा सरळ प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नाही.

"हाय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि जाऊन खुर्चीत बसली.

का म्हणालो? मला वाटलं, खुर्चीत बसायच्या आधी सांगेन. मग वाटलं, मोजणी सुरू व्हायच्या आधी सांगेन. मग परीक्षकानं हात वर केला. कदाचित माझंच गणित चुकलं असेल, अशीही एक लबाड आशा होती. उत्तम मेस्त्रीचं माप चुकू शकतं यापेक्षा त्याचं गणित चुकलंय यावर विश्वास ठेवणं सोपं होतं.

सात त्रेचाळीसला गाडी सुटली.

फरहान आकडे वाचत होता. एकशे साठ. दोनशे दहा. दोनशे पन्नास. ईश्वरीच्या कपाळावर घामाचे थेंब दिसू लागले. तिचा तळवा ट्रिगरच्या मुठीवरून थोडा वर आला, जणू खालून कुणीतरी उचलतंय. ती दात आवळून तो परत दाबत होती. स्वतःच्या हाताला गप्प करत होती. माझ्या शब्दावर.

"दोनशे नव्वद. तीनशे..."

"सोड!" मी ओरडलो. इतक्या मोठ्यानं, की माझाच घसा फाटला. "ईशे, सोड! हात खरा हाय तुझा! माप चुकलंय माझं!"

तिनं सोडलं. तीनशे बाराला. गाडीचं नाक तोवर वर आलेलं, पण वेग उतरला तसं ते परत खाली बसलं. गाडी आडवी फिरली, मागच्या कोपऱ्यावर एकदा आपटली, तो कोपरा तुटून उडाला, आणि उरलेली गाडी घसरत गवतात जाऊन थांबली. ईश्वरी उभी राहिली होती. डावा हात छातीशी धरून.

फरहान धावला. त्यानं बाही कापून काढली, तिला खाली बसवलं. "डोळे मीट. मी कुठल्या बोटाला हात लावालोय सांग."

"अंगठा."

"आता?"

"त्याच्या शेजारचं. आता मधलं. अनामिका."

फरहाननं करंगळी दाबली. आम्ही वाट पाहत राहिलो. त्यानं पुन्हा दाबली, नख पांढरं होईपर्यंत.

"लाव की," डोळे मिटूनच ईश्वरी म्हणाली. "का थांबलास?"

गेली ती तेवढीच. गाडीचा तुटलेला कोपरा आणि करंगळी, एकाला एक. चारशेला सगळी बॉडी फुटली असती, तर सगळा हात गेला असता, हे डॉक्टरांनीच सांगितलं. फरहाननं बॉडी मोजली, उंचीतली चूक सापडली, आणि तो माझ्या घरी आला. मला वाटलं, आता बोलेल. तो माझ्या पाया पडला. "काका, पळत्या गाडीचं नाक बघून तुम्ही दोन मिलिमीटर ओळखलंत. तुमच्यामुळं हात वाचला." वैशालीनं माझी दृष्ट काढली. गल्लीत लोक थांबवून हात जोडू लागले. चूक कुणाच्याही हातून होते म्हणाले, ती वेळेवर ओळखणारा माणूस लागतो म्हणाले.

मी काही बोललो नाही. प्रत्येक हात जोडणाऱ्यासमोर मी पुन्हा एकदा "हाय" म्हणत होतो.

तीन महिने झाले. करंगळी दिसायला बाकीच्या बोटांसारखीच आहे. पण ईश्वरीला ती आठवत नाही. दारात चेंगरते, चहाच्या कपात बुडते, आणि हिला पत्ता नसतो. नखं काढताना ती चार बोटांची काढून उठते. त्या नखाचं काम मी माझ्याकडं घेतलं.

काल दुपारी अंगणात ती माझ्यासमोर बसली होती, डावा हात माझ्या हातात. मी नख काढत होतो. ती सहज म्हणाली, "पप्पा, पुढची बॉडी करायची का? स्कॅन-बिन काय ते फरहान बघंल. घासायचं तुम्हीच."

"अजून चालवणार हायस?"

"त्यात काय? तुम्ही हाय की बघायला. तुम्हाला कळलं आणि तुम्ही लगेच ओरडला. दुसरा कोण असता तर विचार करत बसला असता, लोक काय म्हणतील म्हणून."

नेलकटर माझ्या हातात थांबला. गप्प बसलो असतो, तर पुढची बॉडी मी घासली असती. तिनं पुन्हा माझ्याकडं वळून विचारलं असतं, आणि मी काहीही म्हणालो असतो तरी तिनं स्वतःचा हात गप्प केला असता. त्या विचारानं माझा जीव घाबरा झाला. तीनशे बाराला झाला नव्हता इतका.

"लगेच न्हाई ओरडलो," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"दोनशेची फेरी झाली, तू कोंडतंय म्हणालीस, तवाच कळलं मला. सात एकतीसला. गाडी सुटली सात त्रेचाळीसला."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी मान खाली घातली नाही. तेवढं तरी तिला देणं लागत होतो.

"मी विचारलं तुम्हाला," ती सावकाश म्हणाली. "नारळ फोडल्यावर. मागची उंची बरोबर हाय का म्हणून."

"व्हय."

"तवा माहीत होतं?"

"माहीत होतं."

ती ओरडली नाही, रडली नाही. नुसता चेहरा मिटत गेला आणि तिनं हात मागं घेतला. चार बोटं आक्रसून मुठीत गेली. करंगळीला तेवढं काही कळलं नव्हतं. ती माझ्या बोटांत तशीच अडकून राहिली, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी, आणि ती सोडवायला ईश्वरीला तिचा दुसरा हात वापरावा लागला.